एक सेंटिमीटरचा समास

मी फक्त पुस्तक बांधायला टाकलं होतं. हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्या लोकांना ऐकवलं, की शेवटी आमचा पेपरवालाही मला पाहून स्वतःच म्हणायला लागला, "हो हो, फक्त बांधायला."

पुस्तक मावशीचं. निवृत्त झाल्यापासून मावशी चार आवाजांचा गाण्याचा गट चालवते. वरचा आवाज बालवाडीच्या बाईंचा, त्याखाली मावशी, तिच्याखाली निवृत्त पोस्टमास्तर आणि सगळ्यात तळाला आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. सराव होतो नागरी केंद्राच्या पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. ही खोली गेली की गट गेला, कारण बाकीच्या तिघांना घरात मोकळेपणानं गाऊ देईल असा माणूस चौघांपैकी एकाच्याही घरात राहत नाही. आणि खोलीवर टेबल टेनिसवाल्यांचा डोळा आहे. त्यांच्या सेक्रेटरींना भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत जाताना मी स्वतः पाहिलंय. वर विचारलं तर म्हणतात, "छे, सहज फिरत होतो."

तर केंद्राच्या समितीनं जाहीर केलं की येत्या रविवारी प्रत्येक गटानं काहीतरी नवीन करून दाखवायचं. दाखवलं नाही तर खोली दुसऱ्याला. आता मावशीचा गट गेली सात वर्षं तीच तीन गाणी म्हणतो. शेजाऱ्यांना ती पाठ आहेत. एक शेजारी तर दाढी करताना तळाची ओळ गुणगुणतो. नवीन म्हणजे मावशीच्या गुरूंनी दिलेलं ते जुनं पुस्तक, ज्याला हात लावायला आजवर कुणी धजलं नव्हतं. कारण त्यातले क्लेफ.

इथे मला जरा थांबून सांगू द्या, कारण हे इतकं सुंदर आहे की मला राहवत नाही. पाश्चात्त्य पद्धतीनं गाणं लिहितात ते पाच आडव्या रेघांवर. कुठली रेघ म्हणजे कुठला स्वर, हे त्या रेघांना स्वतःला ठाऊक नसतं! ते ठरवतं ओळीच्या अगदी सुरुवातीचं एक चिन्ह. तेच क्लेफ. आलेखावर शून्य कुठे आहे हे सांगणाऱ्या खुणेसारखं. दोन क्लेफ सगळ्यांना माहीत असतात. वेलीसारखा वेटोळं घातलेला जी-क्लेफ उंच आवाजांसाठी, आणि कानासारखा दिसणारा, पुढे दोन ठिपके असलेला एफ-क्लेफ तळाच्या आवाजासाठी. पण जुन्या काळी एक सी-क्लेफही असायचा. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन कमानी, आणि त्या जिथे भेटतात ती रेघ म्हणजे सी हा स्वर. गंमत अशी की हा गृहस्थ एका जागी बसत नाही. खालून पहिल्या रेघेवर बसला तर उंच आवाजाचा, तिसऱ्या रेघेवर मधल्या, चौथ्या रेघेवर त्याखालच्या. म्हणजे तोच ठिपका, त्याच रेघेवर, आणि दर वेळी स्वर वेगळा! मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे नळाच्या पाण्याचा रंगसुद्धा बदलत नाही. त्यामुळे हे सगळं वाचून मी खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारायला लागलो.

"मावशी, मी हे सगळं ओळखून साध्या क्लेफमध्ये उतरवून देतो," मी म्हणालो.

"तुला सूर लागत नाही रे."

"सूर लागायला कशाला पाहिजे? हे मोजमाप आहे!"

पुस्तकाची पानं सुटी झाली होती. पंखा लावला की चारही आवाज खोलीभर उडायचे. म्हणून मी म्हटलं, आधी नीट बांधून घेऊ. कामात शिस्त हवी.

बाइंडर सज्जन माणूस. "कडा फाटल्यात. कापून सरळ करू?" त्यानं विचारलं. मी खिशातून पट्टी काढली, पेन्सिलनं रेघ मारली आणि सांगितलं, "सगळीकडून बरोबर एक सेंटिमीटर. जास्त नाही, कमी नाही." त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. इतकं स्पष्ट सांगणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच मिळत असावं. समास म्हणजे समास, त्यात काही नसतं, अशी माझी तोवरची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात आलं. कडा अशा धारदार की बोट कापावं. मावशीनं उघडलं, चष्मा नाकावर खाली घेतला, वर घेतला आणि म्हणाली, "क्लेफ कुठायत?"

क्लेफ नव्हते. छापणाऱ्यानं कागद वाचवायला पाच रेघा थेट पानाच्या डाव्या कडेपासून सुरू केल्या होत्या. डावीकडच्या पानांचे क्लेफ कातरीनं नेले, उजवीकडच्या पानांचे शिवणीतल्या डिंकात गेले. एकही सुटला नव्हता. आणि ही त्या जुन्या छपाईची खोड बघा: कुठल्या पानावर कुणाचा आवाज हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. क्लेफ हीच ओळख. म्हणजे आता आमच्याकडे ठिपक्यांचं एक अत्यंत सुबक बांधलेलं पुस्तक होतं, ज्यात कुणी काय गायचं आणि कुठून गायचं, याचा पत्ता नव्हता.

"फोटो नाही काढलास आधी?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"काढले होते."

"मग?"

"मुखपृष्ठाचे."

यानंतर सल्ल्यांचा पूर आला. समोरच्या इमारतीतले इंजिनियर म्हणाले, सरासरी काढा. आईनं सुचवलं की गाणं इंटरनेटवर शोध. शोधलं. त्या नावाचं एक जहाज निघालं, तेही बुडालेलं. मी ज्याला-त्याला सांगत होतो की मी फक्त बांधायला टाकलं होतं, आणि जो-तो "असं होय" म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. खांद्यावर हात ठेवण्याइतका अपमान दुसरा नाही.

मी बाइंडरकडे धावलो. "कापलेल्या पट्ट्या कुठायत?"

"त्या? शेजारच्या काचसामानवाल्याला दिल्या. कपांच्या खोक्यात भरायला लागतात."

काचसामानवाल्यानं मला आत घेतलं आणि स्वतः दाराशी उभा राहून "जपून हं, जपून" असं म्हणत राहिला. मी खोक्यामागून खोकं उघडत होतो, कप बाहेर काढत होतो, कागदाच्या पट्ट्या उजेडात धरत होतो. आणि मग सापडायला लागले! बशीखाली एक सी-क्लेफ, पहिल्या रेघेवर. किटलीच्या पोटात एक, तिसऱ्या रेघेवर. साखरदाणीत एक, चौथ्या. मी ओरडलो. काचसामानवाला दचकला आणि त्यानं हातातली बशी सोडली. आणि त्या फुटलेल्या बशीच्या खोक्यातच ती पट्टी होती. जी-क्लेफ, पण नेहमीसारखा दुसऱ्या रेघेवर नाही. त्याचं वेटोळं चक्क सगळ्यात खालच्या रेघेभोवती होतं!

फ्रेंच व्हायोलिन क्लेफ. मी त्याच्याबद्दल फक्त वाचलं होतं. आता कुणी वापरत नाही. पक्षीनिरीक्षकाच्या डोक्यावर नामशेष पक्षी येऊन बसावा, तशी माझी अवस्था झाली. तळाच्या आवाजाचा एफ-क्लेफ मात्र एकाही खोक्यात नव्हता.

पट्ट्या मिळाल्या, पण कुठली कुठल्या पानाची? सगळ्यांच्या कडा सारख्याच धारदार. इथे माझं शिक्षण उपयोगी पडलं. कातर क्लेफवरून गेली होती, पण क्लेफच्या शेजारचं छोटं चिन्ह वाचलं होतं. अर्धा स्वर उतरवणाऱ्या त्या चिन्हाला फ्लॅट म्हणतात, आणि ओळीच्या सुरुवातीला एकच फ्लॅट असला तर तो हमखास 'बी' या स्वरावर बसतो. म्हणजे बी कुठे ते कळलं! बी कळला की रेघा मोजत सगळे स्वर, आणि त्यावरून क्लेफ. गाण्याची पानं चार. पहिल्यावर फ्लॅट चौथ्या रेघेवर, म्हणजे पहिल्या रेघेवरचा सी-क्लेफ, बाईंचं पान. दुसऱ्यावर खालून दुसऱ्या फटीत, मावशीचं. तिसऱ्यावर तिसऱ्या फटीत, पोस्टमास्तरांचं. मी टाळ्या पिटल्या. चौथ्या पानावर फ्लॅट होता दुसऱ्या रेघेवर, आणि माझ्या हातातल्या दुर्मिळ पट्टीप्रमाणे मोजलं तर बी बरोबर तिथेच येत होता.

"फ्रेंच व्हायोलिन क्लेफ!" मी सरावाच्या खोलीत जाहीर केलं. "म्हणजे हा बाईंपेक्षाही उंच आवाज आहे. या गाण्यात तळाचा आवाजच नाही!"

"तळाचा आवाज नाही असं कुठं असतं का?" मावशी म्हणाली.

"मावशी, पुरावा!" मी पट्टी नाचवली.

डॉक्टर शांतपणे उठले. "म्हणजे या गाण्यात मी नाही."

"तुम्ही उभे राहा ना नुसते," मी मदत करायला गेलो. "शोभा येईल."

डॉक्टर निघून गेले. जाताना दार त्यांनी फार हळू लावलं, त्यामुळे सगळ्यांनाच जास्त लागलं.

त्यात मावशी गाण्याचं नाव द्यायला केंद्रात गेली तर कारकुनांनी नवा नियम सांगितला. "गटात किमान पाच आवाज हवेत."

"आधी असं काही नव्हतं."

"आधी टेबल टेनिसवाल्यांनी विचारलं नव्हतं," कारकून म्हणाले.

पाच! आणि आमच्याकडे उरले होते तीन. उंच आवाजासाठी मी शिट्टीकाकूंना गाठलं. शिट्टीकाकू तळमजल्यावर राहतात आणि संध्याकाळी मांजराला हाक मारतात तेव्हा मांजर येतंच, शिवाय इतरांचीही येतात. त्यांना नोटेशन येत नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर एकेक स्वर वाजवून त्यांच्याकडून ओळ पाठ करून घेतली. एकूण ओळ विचित्रच होती. बाकी तिघं पायरी-पायरीनं चढत उतरत होते आणि काकू मात्र त्यांच्या डोक्यावर बेडकासारख्या उड्या मारत होत्या. "किती खेळकर!" मी म्हणालो. पोस्टमास्तरांनी कानात कापूस घातला होता. काकूंनी मात्र सगळ्या गल्लीला रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

"चार झाले," मावशी म्हणाली. "आता डॉक्टरांना घेऊन ये. कसं ते तू बघ. तूच घालवलंस." मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "सात वर्षं झाली रे या खोलीला. घरी बसले तर मी नुसती टीव्ही बघत बसेन." मावशी असं कधी बोलत नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर फोन घेईनात. शेवटी रविवारी दुपारी मी दात तपासायची वेळ घेऊन थेट त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. रुग्णाला हाकलता येत नाही, असा माझा हिशेब.

"डॉक्टर, मला तुमची माफी..."

"आ करा."

मी आ केला. आरसा, हूक, कापूस आणि नळी एकामागून एक आत गेले.

"खाली डावीकडे कीड आहे. आजच भरू." भुलीची टोचणी झाली. जीभ, ओठ, गाल, सगळं हळूहळू दुसऱ्याचं झालं. "सात वर्षं तळाची ओळ मी धरून ठेवली," डॉक्टर मशीन फिरवत म्हणाले. "तळाची ओळ कुणाला ऐकू येत नाही. पण काढून बघा, वरचं सगळं तरंगायला लागतं. शोभेला उभे राहा म्हणे."

"आँ आ आँ," मी म्हणालो. त्यात दिलगिरी होती, पण ती बाहेर आली नाही.

मग ते कामाच्या नादात गुणगुणायला लागले. जुन्या तीन गाण्यांतल्या एकाची त्यांची ओळ. धपकन खाली उडी, दोन पायऱ्या वर, पुन्हा तीच उडी. मी दिव्याकडे बघत ऐकत होतो, आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. उड्या! तळाचा आवाज उड्या मारतो, वरचे पायऱ्या चढतात! एफ-क्लेफमध्ये बी कुठल्या रेघेवर असतो? दुसऱ्या! फ्रेंच व्हायोलिन क्लेफमध्ये? दुसऱ्याच! दोन्ही क्लेफमध्ये पाचही रेघांना नावं तीच, फरक फक्त दोन सप्तकांचा. फ्लॅटवरून या दोघांतला फरक कधीच कळला नसता. आणि एफची पट्टी मला सापडली नाही याचा अर्थ एवढाच की ती मला सापडली नाही! दोन शक्यतांपैकी मी दुर्मिळ होती तीच उचलली होती, कारण ती दुर्मिळ होती. पुस्तकाच्या शेवटी व्हायोलिनसाठीची काही नाचगाणी होती; माझी ती लाडकी पट्टी त्यांतलीच असणार.

"आँ! आँआँ! आ-आँ!" मी खुर्चीत उसळलो.

"दुखतंय?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आणखी एक टोचणी दिली.

आता उजवा ओठही गेला. मी त्यांच्या खिशातलं पेन ओढलं आणि माझ्या गळ्यातल्या कागदी रुमालावर पाच रेघा मारल्या. कानासारखं चिन्ह काढलं, पुढे दोन ठिपके. शेजारी, दुसऱ्या रेघेवर, फ्लॅट.

डॉक्टरांनी मशीन थांबवलं. रेघांवर बोट ठेवून मोजलं. "जी, ए, बी... बरोबर." त्यांनी दिवा रुमालावर वळवला. "म्हणजे ते पान माझं होतं?"

"ओ."

"आणि ते तू मांजरवाल्या बाईंना दिलंस?"

"ओ."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. मग पुन्हा घातले, कारण माझा दात अर्धा राहिला होता.

केंद्रात पोचलो तेव्हा हॉल भरला होता. शिट्टीकाकूंची अख्खी गल्ली आली होती, मांजरासकट. समितीचे तिघं पुढच्या रांगेत, टेबल टेनिसचे सेक्रेटरी हातात मोजपट्टी घेऊन. मावशीला डॉक्टरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं, कारण मला सांगता येत नव्हतं.

"काकूंना आता कोण सांगणार?" बाई कुजबुजल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी "आआऊ" म्हणालो. काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस रे, माझं पाठ आहे."

मावशीनं क्षणभर विचार केला. "स्वरांची नावं तीच आहेत ना? मग दोघंही गा. एक खालून, एक वरून."

आणि गाणं सुरू झालं. मला सूर कळत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण पहिल्याच ओळीत डॉक्टर तळात उतरले आणि सगळं गाणं जमिनीवर आलं. काकूंच्या उड्या आता बेडकाच्या वाटेनात. खाली डॉक्टर उडी मारत होते, वर तीच उडी चमकत होती, मध्ये तिघं पायऱ्या चढत होते. पोस्टमास्तरांनी गाता गाता कापूस काढला. माझ्या अंगावर काटा आला, निदान जिथे अंग जागं होतं तिथे. शेवटचा स्वर थांबला आणि मांजर काकूंच्या पायाशी येऊन बसलं.

टाळ्या चालू असतानाच सेक्रेटरी उठले. "हरकत! हे दोघं एकच ओळ गात होते. म्हणजे आवाज चारच. नियम पाचाचा आहे."

टाळ्या थांबल्या. मावशीनं पुस्तक छातीशी धरलं. समिती कारकुनांकडे बघायला लागली, कारकून छताकडे.

मी स्टेजवर चढलो. कोपऱ्यात टेबल टेनिसचा गुणफलक होता, तो ओढला आणि त्यांच्याच खडूनं पाच रेघा काढल्या, खाली आणखी पाच. खालच्यावर एफ-क्लेफ. वरच्यावर, सगळ्यात खालच्या रेघेला वेटोळं घालणारा फ्रेंच व्हायोलिन क्लेफ. दोन्हींकडे बोट दाखवून मी जमेल तेवढ्या ठामपणे म्हणालो, "ओओ!"

"दोन म्हणतोय," डॉक्टरांनी भाषांतर केलं. "वरचा स्वर खालच्यापेक्षा दोन सप्तकं उंच. खालचा माझा, वरचा त्यांचा."

कारकून फळ्याजवळ आले. आधी एका चिन्हाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "हे चिन्ह ते चिन्ह नाही?"

"नाही," मावशी म्हणाली.

"कुठंही छापलेलं असतं असं?"

मी खिशातून काचसामानवाल्याकडची पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. कारकुनांनी ती उजेडात धरली, फळ्यावरच्या चित्राशी ताडून बघितली आणि समितीकडे वळून म्हणाले, "चिन्ह वेगळं म्हणजे आवाज वेगळा. पाच झाले."

सेक्रेटरींनी मोजपट्टी खिशात घातली. मावशीनं भर हॉलमध्ये माझा गाल ओढला. कुठला गाल ते मला संध्याकाळी कळलं.

पुढच्या सरावाला मावशीनं मला बोलावून एक नवा कागद दिला. पाच रेघा, आणि सुरुवातीला नेहमीच्या कुठल्याच क्लेफऐवजी दोन जाड उभ्या रेघा.

"ओळख."

"न्यूट्रल क्लेफ!" मी आनंदानं ओरडलो. "हा तर खास आहे मावशी. यात कुठल्याच रेघेला कुठलाच स्वर नसतो. ताशा, टाळ्या, लाकडाचे ठोकळे, असं ज्यांना सूर नसतो त्यांच्यासाठीच..."

मी थांबलो. मावशीनं माझ्या हातात दोन लाकडी ठोकळे ठेवले. "समितीनं उद्या सहा मागितले तर?"

बाई तोंड दाबून हसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "नुसता उभा राहिलास तरी शोभा येईल."

मी खिशातून मोजपट्टी काढली आणि कागदाचा डावा समास मोजला. भरपूर होता.